आंतरराष्ट्रीय संबंधात प्राध्यापक-संशोधक व्हायचंय? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

मी चोपडा तालुक्यातली. बीए इथेच केलं, एमए आणि पीएचडी दिल्लीला, नंतर दोन वर्षं तासिका तत्त्वावर घासली आणि आता एका कॉलेजात परमनंट आहे. दर जूनमध्ये रिझल्ट लागले की जळगाव-धुळे-नंदुरबारकडून कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, मॅडम, ताई, मावशी, आमच्या अमक्याला आंतरराष्ट्रीय संबंध करायचंय, स्कोप आहे का. तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच बसून लिहिलंय. जिथे मला जास्त माहिती आहे तिथे जास्त बोललेय, बाकी ठिकाणी उरकलंय.

आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे नेमकं काय? पासपोर्ट-व्हिसाचं काम का?

माझ्या मावशीला आजही तसंच वाटतं. नाही. देश एकमेकांशी भांडतात का, जुळवून कधी घेतात, व्यापाराचे नियम कोण ठरवतं, लहान देश मोठ्यासमोर टिकतात कसे, संयुक्त राष्ट्र किंवा जागतिक बँकेसारख्या संस्था कुणाचं ऐकतात, याचा अभ्यास. पहिल्या महायुद्धात एवढी माणसं मेल्यावर लोकांना वाटलं की युद्ध का होतं हे कुणीतरी नीट शिकायला पाहिजे, म्हणून १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला या विषयाचं पहिलं अध्यासन, म्हणजे खास प्राध्यापकपद, निघालं. आपल्याकडे १९५५ मध्ये दिल्लीत सप्रू हाउसला इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं आणि १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत गेलं. तेच आजचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज. महाराष्ट्रातल्या बऱ्याच कॉलेजात मात्र हा विषय राज्यशास्त्राच्या पोटात एक-दोन पेपर म्हणूनच असतो. म्हणून बीएला तुम्ही तो शिकलेला असता, फक्त वेगळं नाव माहीत नसतं.

युद्ध लागलं की टीव्हीवर बोलायला बसतात ते लोक म्हणजे हेच का?

थोडे हे, थोडे रिटायर्ड फौजी, थोडे माजी राजदूत. पण टीव्हीवरचं बघून या विषयाकडे येत असाल तर थांबा जरा. माझा साधारण दिवस म्हणजे सकाळी दोन लेक्चर, मग नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) नाहीतर परीक्षेची काहीतरी कागदं, आणि रात्री घरचं आवरल्यावर दीड-दोन तास वाचन, त्यात चार पानं धड समजली तरी खूप. एक लेख लिहून छापून यायला दीड-दोन वर्षं सहज जातात. मोठ्याने बोलायला दोन मिनिटं लागतात, ते बोलणं खरं आहे का हे बघायला दोन वर्षं. ज्याला हे दोन वर्षं तपासणं आवडतं त्यानेच यावं.

हे शिकून आयएफएस होता येतं ना?

आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवेतले अधिकारी, यूपीएससीच्या सिव्हिल सर्व्हिसेस परीक्षेतून होतात, कोणतीही डिग्री चालते, बीएस्सी ॲग्री केलेलाही राजदूत होऊ शकतो. तिथे राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध असा एक वैकल्पिक विषय आहे, दोन पेपर मिळून ५०० मार्कांचा, त्याला एमएचा फायदा होतो एवढंच. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी जेएनयूतून याच विषयात पीएचडी केली आणि ते परराष्ट्र सेवेत होते, त्यामुळे लोकांना दोन्ही एकच वाटतं. पण तयारीची पद्धत पार उलटी आहे. यूपीएससीला दोनशे विषयांतलं थोडं थोडं लागतं, पीएचडीला एका विषयातलं सगळं. दोन्ही दगडांवर पाय ठेवून सहा वर्षं घालवलेली पोरं मी बघितलीत, वय गेलं आणि हातात ना हे ना ते. एका वेळी एक ठरवा.

बीए कुठे आणि कशात करावं?

जवळच्या चांगल्या कॉलेजात, राज्यशास्त्र किंवा इतिहास किंवा अर्थशास्त्र. बीएला पुण्या-मुंबईला पळायची गरज मला तरी वाटत नाही. प्रतिभाताई पाटील जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकल्या आणि राष्ट्रपती झाल्या, तेव्हा कॉलेजचं नाव आडवं येतं हे मला सांगू नका. जमलं तर अर्थशास्त्र सोडू नका. आजचे निम्मे आंतरराष्ट्रीय प्रश्न टॅरिफ (आयात माल आला की लावायचा कर) आणि सबसिडीचे आहेत आणि राज्यशास्त्राची पोरं आकडे दिसले की पान उलटतात.

एमएला ऑप्शन काय आहेत?

जेएनयू, दिल्लीचं साउथ एशियन युनिव्हर्सिटी, कोलकात्याचं जादवपूर, कोट्टायमचं महात्मा गांधी विद्यापीठ, पाँडिचेरी. प्रायव्हेटमध्ये सोनीपतचं जिंदाल आणि पुण्यात सिंबायोसिस, पण तिथली फी बघून बाबांना आधी खुर्चीवर बसवा. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा वेगळा विभाग आहे, मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि राजकारण विभाग आहे. दोन्ही चांगले आणि घरापासून एका रात्रीच्या अंतरावर. जेएनयूची ॲडमिशन आता सीयूईटी पीजी या देशभराच्या प्रवेश परीक्षेतून होते, ७५ प्रश्न, ३०० मार्क, चुकीला एक मार्क कट. ट्यूशन फी वर्षाला काही शे रुपयांत आहे. खरा खर्च राहण्या-खाण्याचा, आणि हॉस्टेल मिळेपर्यंतचे महिने फार अंगावर येतात, ते पैसे बाजूला ठेवूनच निघा.

माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय, इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळे तो रात्री अकरानंतर विचारतात, म्हणजे लाजत लाजत. माझंही मराठी मीडियमच. दिल्लीत पहिल्या सेमिस्टरला सरांनी वीस पानांचा लेख वाचून यायला सांगितला, मला तो वाचायला तीन दिवस लागले, डिक्शनरी उघडीच, आणि क्लासमध्ये जेव्हा चर्चा सुरू झाली तेव्हा समजलं की लेखाचा मुद्दाच माझ्या हातातून निसटलेला, मी फक्त शब्द समजून घेत बसलेले. पुढचे सहा महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. नंतर एक सवय लावली, त्यानेच तरले. प्रत्येक लेख वाचला की तो मिटून पाच ओळी मराठीत लिहायच्या, हा माणूस म्हणतो काय, कुणाशी भांडतो, पुरावा काय देतो. मराठीत पाच ओळी जमल्या म्हणजे लेख समजला, नाही जमल्या तर परत वाच. दुसऱ्या वर्षापासून तेच इंग्रजीत लिहायला लागले.

इंग्रजी बोलण्याचा क्लास लावायला पैसे घालवू नका. बोलणं आपोआप येतं, हॉस्टेलच्या मेसमध्ये येतं. वाचणं-लिहिणं मात्र मुद्दाम घासावं लागतं. आणि प्राध्यापकीसाठी नेट-सेट या पात्रता परीक्षा असतात, त्यातला नेटचा पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, महाराष्ट्राच्या सेटचा राज्यशास्त्राचा पेपर मराठीतही असतो, म्हणजे दार बंद नाहीये. राज्यातल्या विद्यापीठांत मराठीत प्रबंध लिहिणारेही पुष्कळ आहेत. पण स्पष्ट सांगते, मराठीत प्रबंध लिहिला तर तो वाचणारे परीक्षक आणि नंतर नोकरी देणारे दोन्ही महाराष्ट्रातच. ते चालणार असेल तर बिनधास्त लिहा, आपल्या भाषेत या विषयावर लिहिलेलं हवंच आहे, फक्त डोळे उघडे ठेवून ठरवा.

नेट, सेट, जेआरएफ यात फरक काय?

नेट देशभराची, वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबर. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, तीन तासांत दोन्ही, चुकीला मार्क कट नाही. सेट आपल्या राज्याची आणि गोव्याची, पुणे विद्यापीठ घेतं, जळगावलाही सेंटर असतं. दोन्हींपैकी काहीही पास झालात तर राज्यात सहायक प्राध्यापकाच्या जागेला अर्ज करता येतो. एमएला ओपनला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०.

जेआरएफ म्हणजे नेटमध्येच वरच्या नंबरात आलात तर मिळणारी फेलोशिप, महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं वेगळं. वयाची अट ३०, महिला आणि राखीव प्रवर्गाला पाच वर्षं सूट. सहायक प्राध्यापकासाठी वयाची अट नाही. मार्च २०२४ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) अजून एक बदल केला की पीएचडीच्या ॲडमिशनलाही नेटचाच स्कोअर चालेल, जेएनयूनेही तेच घेतलं. म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत आली, आणि त्याच वर्षी १८ जूनला झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, पोरांना परत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बसावं लागलं. त्यामुळे सेटचा फॉर्म भरायचाच, आळस करायचा नाही.

पीएचडीला विषय कसा निवडू? "भारत-अमेरिका संबंध" घेऊ का?

नका घेऊ. म्हणजे त्यात काही पाप नाही, पण त्या विषयावर दिल्लीत राजदूतांच्या घरी जेवणाऱ्या लोकांनी पुस्तकं लिहिलीत, तुम्ही तिथे नवीन काय आणणार? आपल्याकडची पोरं विषय निवडताना नकाशावर लांबचं बोट ठेवतात. माझं म्हणणं उलटं आहे. खान्देशाच्या मातीत असे तीन-चार विषय पडलेत की त्यासाठी अमेरिकेतला प्रोफेसर विमानाने येईल.

केळी घ्या. रावेर-यावल-सावद्याच्या पट्ट्यात ज्याच्या घरी बाग आहे त्याला भाव, बोर्ड, कंटेनर, सगळं पाठ. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. भारत जगात सगळ्यात जास्त केळी पिकवतो आणि निर्यातीत नंबर मात्र इक्वेडोरचा. का? हा शेतीचा प्रश्न वाटतो, पण यात शीतगृहं आहेत, रोगराईचे नियम आहेत, जहाजाचे मार्ग आहेत, आखातातलं राजकारण आहे. केळीवरून देश भांडलेतही. ग्वाटेमालाच्या सरकारने १९५२ च्या कायद्यानंतर युनायटेड फ्रूट या अमेरिकन कंपनीची पडीक जमीन घेऊन शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली, आणि १९५४ मध्ये सीआयए या अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेच्या मदतीने ते सरकारच उलथलं. पुढे १९९३ पासून युरोपने आपल्या जुन्या वसाहतींच्या केळीला सवलत दिली म्हणून लॅटिन अमेरिकेतले देश आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेले, १९९९ मध्ये अमेरिकेने बदला म्हणून युरोपच्या हँडबॅगांसारख्या मालावर १०० टक्के कर लावला, आणि ते भांडण कागदावर मिटलं थेट २०१२ ला. अमेरिका स्वतः निर्यातीला केळी पिकवत नाही बरं का, तिच्या कंपन्या विकतात! हे मी वर्गात सांगितलं की यावलची पोरं पहिल्यांदा वहीतून मान वर काढतात.

कापूस घ्या. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना सबसिडी देते म्हणून २००२ मध्ये ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत भांडायला गेला, जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन मिटवलं. मग भारत का नाही गेला? २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उचललं, आधी सप्टेंबर अखेरपर्यंत आणि मग डिसेंबरपर्यंत, त्याच महिन्यात अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला, आणि इथे धरणगाव-पारोळ्याचा शेतकरी नवा कापूस घरात येण्याआधीच भावाची काळजी करत बसला. वॉशिंग्टन, दिल्ली आणि जिनिंगचा काटा एका धाग्यात बांधून दाखवणं, हा अख्खा प्रबंध आहे.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठा विषय नंदुरबारला आहे. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली, सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रात सगळ्यात आधी आलेल्या गावांपैकी एक, तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होतं कारण नंदुरबार वेगळा जिल्हा १९९८ ला झाला. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या धरणाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. लोकांनी विरोध केला, आवाज अमेरिका-जपानपर्यंत गेला, बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी बसवावी लागली, जून १९९२ मध्ये तिचा कडक अहवाल आला आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी बँकेने इन्स्पेक्शन पॅनल काढलं, म्हणजे बँकेच्या प्रकल्पाची झळ बसलेल्या लोकांना त्याबद्दल थेट तक्रार करायची सोय. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना कर्ज थांबवा म्हणून ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी जे निवेदन काढलं त्याचं नावच मणिबेली जाहीरनामा. परदेशात या विषयाच्या वर्गात नर्मदेचं उदाहरण शिकवतात, आणि आपल्या पोरांना मणिबेलीला एसटी कुठून जाते हे माहीत नसतं. तुम्हाला पावरी किंवा भिलोरी या तिथल्या आदिवासी भाषा बोलता येत असतील तर तुमच्याकडे असं भांडवल आहे जे हार्वर्डच्या माणसाला दुभाष्या लावून पण मिळत नाही.

एक गंमत, पेपरात एकदा "तापी प्रकल्पाला गती" अशी हेडलाइन होती, माझे वडील खुश, म्हणे चला पाणी येतंय. खाली वाचलं तर तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत गॅस पाइपलाइन. तिचंही नाव तापी.

म्हणजे फक्त स्थानिक विषयच घ्यायचा का?

असं नाही. रशियन शिका आणि मध्य आशिया करा, चिनी शिका आणि चीन करा, अरबी करा, चांगलंच आहे. पण मग भाषा खरोखर शिका. चीनवर तज्ज्ञ आणि चिनी अक्षर वाचता येत नाही, असे पुष्कळ आहेत, त्यात भर नको. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला परकीय भाषांचे कोर्स आहेत, बीए होता होता एक भाषा धरली तर पाच वर्षांनी माझे आभार मानाल.

सामग्री कुठे मिळते? आमच्या लायब्ररीत तर दहा वर्षं जुनी गाइडं आहेत.

घरबसल्या भरपूर आहे. शोधगंगावर देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात, विषय फायनल करण्याआधी तिथे शोधाच, नाहीतर तीन वर्षांनी कळतं की हेच कुणीतरी २००९ ला करून ठेवलंय. संसदेच्या वेबसाइटवर परराष्ट्र खात्याला विचारलेले प्रश्न आणि उत्तरं आहेत, ही सोन्याची खाण आहे आणि कुणी उघडत नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे. सरकारी फाइली नियमाने २५ वर्षांनंतर खुल्या व्हायला पाहिजेत, परराष्ट्र खात्याच्या बऱ्याच झाल्यात, सगळ्या नाही. जर्नल्ससाठी केंद्राने २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू केलंय, सरकारी विद्यापीठात ॲडमिशन असेल तर हजारो जर्नल्स उघडतात. आणि जुना कागद कसा हाताळायचा हे बघायचं असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस जाऊन बसा. विषय वेगळा असला तरी एका माणसाने कागदं गोळा करायला आयुष्य घातलं म्हणजे काय ते तिथे कळतं.

पीएचडीचा गाइड, म्हणजे मार्गदर्शक, कसा बघावा?

नावापेक्षा त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करा. दोनच प्रश्न विचारा, चॅप्टर दिला की किती दिवसांत वाचून परत देतात, आणि घरची कामं सांगतात का. सहायक प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त चार, सहयोगीकडे सहा आणि प्राध्यापकाकडे आठ विद्यार्थी असू शकतात, म्हणून जागा नाही हे उत्तर बरेचदा खरं असतं, मनाला लावून घेऊ नका.

पीएचडीला किती वर्षं लागतात आणि तोपर्यंत खायचं काय?

नियमाने कमीत कमी तीन, जास्तीत जास्त सहा. प्रत्यक्षात पाच धरा. मला साडेपाच लागली. एमफिल आता बंद झालंय. पैशांचं म्हणाल तर जेआरएफ मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबीसाठी सारथी, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप, शिवाय आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) डॉक्टरल फेलोशिप. जाहिराती येतात आणि पंधरा-वीस दिवसांत संपतात, जातीचं, नॉन क्रिमिलेअर, सगळे दाखले आधीच काढून फाइल तयार ठेवा. फेलोशिप कोणतीही असो, पहिला हप्ता हातात यायला महिने जातात. माझी पहिली रक्कम आली तोपर्यंत मी रूममेटचे अकरा हजार देणं होते, तिने कधी मागितले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

पेपर छापून आणायचे तर पैसे भरावे लागतात का?

जो पैसे मागतो आणि आठवड्यात छापून देतो त्याच्या नादी लागू नका. २०२२ च्या नियमानंतर पीएचडी जमा करायला पेपरची सक्ती यूजीसीने काढली, आणि केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, तीही २०२५ मध्ये बंद केली. तरी आपल्याकडे सेमिनारचं पुस्तक काढून पानाचे पैसे घेण्याचा धंदा जोरात आहे. मीही सुरुवातीला दोन हजार भरून एक लेख छापलाय, आज बायोडेटात तो लपवावा लागतो. खऱ्या जर्नलला, म्हणजे इंडिया क्वार्टरली, इंटरनॅशनल स्टडीज, स्ट्रॅटेजिक ॲनालिसिस अशांना पाठवलं की संपादक बघतात, मग नाव न सांगता दोघं-तिघं वाचतात आणि चिरफाड करतात. माझा पहिला लेख दोनदा परत आला, दुसऱ्यांदा एका परीक्षकाने साडेतीन पानं लिहिली होती. वाचून रडले, आठवड्याने परत वाचलं तर माणूस नव्वद टक्के बरोबर होता.

पीएचडी झाली. आता नोकरी लागते का?

लगेच नाही, आणि हे कुणी आधी सांगत नाही. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन लेव्हल १० ला ५७,७०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, ऐकायला भारी. पण त्या जागा निघतात किती? मधल्या काळात सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व. घड्याळी तासावर पैसे, सुट्टीचे शून्य, आणि बिल निघतं ते सेमिस्टर संपल्यावर. मी दोन वर्षं दोन गावच्या दोन कॉलेजात करायची, सकाळी एक, दुपारी एक, मध्ये एसटी. एका संस्थेत मुलाखतीला गेले तर बाहेरच्या खोलीत एका गृहस्थाने चहा देऊन विचारलं, "ताई, तुमची तयारी किती?" मी म्हटलं नेट, जेआरएफ, पीएचडी, तीन पेपर. ते हसले. त्यांना तयारी वेगळी अपेक्षित होती. मी चहा पिऊन आले. माझ्यासोबतच्या एकाने शेत विकून ती तयारी केली. मी त्याला नावं ठेवत नाही, पण तुम्ही हे गृहीत धरून घरच्यांना आधीच सांगून ठेवा की आपण ते करणार आहोत की नाही, कारण ऐन वेळी घरात भांडणं होतात.

जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएचडी सक्तीची नाही, नेट-सेट पुरते. बढतीसाठी मात्र फरक पडतो, पीएचडी असेल तर लेव्हल ११ ला चार वर्षांत, नसेल तर सहा. आणि प्राध्यापक म्हणजे दिवसाला दोन तास काम, हा गैरसमज नियमातल्या आठवड्याच्या १६ तासांवरून आलाय. ते फक्त शिकवण्याचे तास आहेत.

कॉलेज सोडून दुसरं काही?

थिंक टँक, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था आहेत. दिल्लीत मनोहर पर्रीकर संरक्षण संस्था, सप्रू हाउसची इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन (ओआरएफ), मुंबईत गेटवे हाउस. तिथे रिसर्च असिस्टंट म्हणून सुरुवात होते, बहुतेक काँट्रॅक्टवर, लिहायचा स्पीड चांगला लागतो. शिवाय मराठी पेपरांना आणि चॅनलला या विषयावर लिहिणारी-बोलणारी माणसं हवी असतात, पैसे कमी, पण सोप्या भाषेत लिहायची सवय लागते.

परदेशात पीएचडी?

होते. अमेरिकेत पाच-सहा वर्षं, फंडिंग मिळालं तरच जा. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षं, फंडिंग अवघड. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, फुलब्राइट-नेहरू घेऊन पीएचडी चालू असताना काही महिने जाऊनही येता येतं. अमिताव आचार्य कटकच्या रेव्हनशॉ कॉलेजचे, टी. व्ही. पॉल केरळचे, दोघंही जेएनयूतून बाहेर गेले आणि दोघंही पुढे जगातल्या या विषयाच्या सगळ्यात मोठ्या संघटनेचे, इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनचे अध्यक्ष झाले. आचार्य तर पाश्चात्त्य जगाबाहेरून आलेले पहिलेच. त्यांचं म्हणणंच हे की हा विषय फक्त युरोप-अमेरिकेच्या अनुभवावर उभा राहू नये.

मुलगी आहे. एवढ्या लांब पाठवू का? लग्नाचं काय?

हे बहुतेक आई विचारते, वडील शेजारी बसून ऐकत असतात. पाठवा. माझ्या वेळी आमच्या गल्लीत महिनाभर चर्चा होती. लग्न मी पीएचडीच्या चौथ्या वर्षी केलं, मुलगा बघायला आला तेव्हा त्याने विचारलं तुमचा विषय काय, मी सांगितलं, त्याने अजून प्रश्न विचारले, म्हणून हो म्हटलं. महिलांना पीएचडीत दोन वर्षं जास्तीची मुदत मिळते, बाळंतपणाची रजाही आहे, हे नियम छापून जवळ ठेवा, ऑफिसात विचारलं तर कधी कधी कुणालाच माहीत नसतं.

नातेवाईकांना काय सांगायचं?

"पोऱ्या काय शिकी ऱ्हायना? नोकरी लागनी का?" हे दर लग्नात, दर दशक्रियेला येणार. माझ्या एका विद्यार्थ्याने उत्तर शोधलंय, "केळीवर पीएचडी करी ऱ्हायनू." मामा लोक एकदम गप्प होतात आणि मग भाव का पडला यावर अर्धा तास बोलतात. तो त्याच्या नोट्स काढून घेतो.

दिल्लीला जायला गाडी कोणती बरी?

भुसावळहून पंजाब मेल, झेलम, गोवा, कर्नाटक, सगळ्या जातात. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, आधी १२० होते, त्यामुळे ॲडमिशनची लिस्ट लागल्यावर तिकीट वेटिंगच दाखवणार, मुलाखतीची शक्यता दिसली की आधीच काढून ठेवा, कॅन्सल करता येतं. जाड रजई इथूनच न्या. कळण्याचं पीठ नेऊ नका, हॉस्टेलला भाकरी थापू देत नाहीत, दोन महिन्यांत किडे पडतात. काळ्या मसाल्याचा डबा मात्र न्या, मेसची पातळ डाळ त्याने खाण्यासारखी होते.